तोंडात स्क्रू धरून वाचन

नाही, पण मला सांगा, तोंडात चार स्क्रू धरून, ओठ मिटून, शाळेतल्या वर्गाच्या दारात उभं राहायची वेळ एका सभ्य माणसावर का यावी? आणि तेही कशासाठी, तर शेजारच्या पोरीच्या वाचनासाठी! माझी मुलगी नाही, भाची नाही, पुतणी नाही, मधे एक भिंत आहे तेवढंच काय ते नातं… आपल्याला काय करायचंय म्हणा!

पण भिंत कशी आहे ते सांगू का? पलीकडे कुणाला उचकी लागली की इकडे आमची ही पाण्याचं भांडं भरते, अशी भिंत! आणि माझं कामाचं टेबल नेमकं त्याच भिंतीला लागून. मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करतो मी, घरातच. आता हात कामात असतात, डोळे कामात असतात, कान काय डब्यात घालून झाकण लावू? देवाच्या दयेनं कान अजून शाबूत आहेत, दात शाबूत आहेत, आणि केस तर तुम्ही बघताच आहात, एक पांढरा दाखवा, एक! घराण्याचेच आहेत आमच्या. खालच्या मजल्यावरचा वकील माझ्याहून चांगला लहान, पण डोकं बघा, नुसतं पुसून ठेवलेलं ताट. मी बोलतो का काही? कधीमधी बोलतो. ते जाऊ दे.

तर शेजारी वहिनी, आणि त्यांची मुलगी, तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण सरळ चालताना तिला कुणी पाहिलेलं नाही, दोन पावलं टाकली की एक गिरकी. दुसरीत आहे. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवतात, वहिनींची कपड्यांच्या कारखान्यात दिवसपाळी. आणि ही भिंगरी रोज मोठ्यांदा वाचायची बरं का, भिंतीतून ऐकू यायचं, काय ते वाचन! "आणि मग कोल्हा म्हणाला, अस्वलभाऊ, अस्वलभाऊ, दार उघडा!" कोल्ह्याचा आवाज बारीक, अस्वलाचा जाड, मधे श्वास, मधे पान उलटल्याचं फर्र… मी आमच्या हिला म्हणायचो, "बघ, पोरगी कलेक्टर होणार." ही म्हणायची, "आधी हातातली इस्त्री होऊ द्या."

मग एके दिवशी वहिनींच्या घरातलं बटण ठिणग्या टाकायला लागलं. मला हाक. गेलो. भिंगरी आतल्या खोलीत वाचत बसलेली, त्या खोलीला खिडकी नाही, दिवा लागतो दिवसासुद्धा. मी मेन स्विच बंद केला. खोलीत गडद काळोख, स्वतःचा हात दिसेना. आणि तुम्हाला सांगतो, आतून आवाज… "अस्वल म्हणालं, मी नाही दार उघडणार जा!" फर्र! पान उलटलं! "मग कोल्हा घराच्या मागे गेला…" फर्र!

मी दोन वायरी हातात धरून तसाच उभा. म्हटलं, अरे, ही काळोखात वाचतेय? घुबडाची नजर की काय? बॅटरी लावून आत डोकावलो. पोरगी पुस्तक मांडीवर घेऊन, डोळे मिटून, मजेत झुलतेय. मी म्हटलं, "भिंगरे, दिवा गेलाय गं." तिनं डोळे उघडले, बॅटरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटून त्यावर बसलीच!

मी ते खालून ओढून काढलं, एका पानावर बोट ठेवून विचारलं, "हा शब्द कुठला?" तर म्हणते, "पहिल्यापासून सुरू केलं तरच येतं."

पहिल्यापासून! म्हणजे सगळं पाठ! आई झोपताना वाचून दाखवायची, ते पाठ. वर्गातलं पुस्तक पाठ, कारण वर्गात चाळीस पोरं एका सुरात वाचतात, त्या सुरात हिचा सूर मिसळला, कुणाच्या लक्षात येणार? चित्रात घोडा दिसला की "घोडा" म्हणायचं, खाली काय का लिहिलेलं असेना. अहो, ज्या अक्षरावर मी बोट ठेवलं ते तिला येत होतं, "क कमळाचा" म्हणाली, त्याच्या शेजारचं "म मक्याचा" म्हणाली, पण दोन्ही मिळून काय होतं विचारलं तर म्हणते, "कमळ आणि मका." चूक तरी कशी म्हणणार? मीसुद्धा तसंच शिकलो. मग मी वाचायला लागलो ते कसं हो? कमळ आणि मका मधून गेले कधी? विचार करून करून त्या रात्री मला… आता आपल्याला काय करायचंय म्हणा!

पण भिंगरी हळूच म्हणाली, "काका, आईला नका सांगू. नवीन बाईंना कळलंय." मग एकेक बाहेर आलं. शाळेत नवीन बाई आल्यात, त्या म्हणे गोष्टीचं पुस्तक बंद करून सुटे शब्द वाचायला लावतात. शुक्रवारी एकेकाला जवळ बोलावून ऐकणार. ज्यांना जमणार नाही त्यांना वाचनाच्या तासाला पहिलीच्या लहान मुलांत नेऊन बसवणार. "आणि मग माझ्या बाकावरची जागा त्या शेंबड्याला देणार," भिंगरी म्हणाली, "आणि माझी मैत्रीण त्याच्याशी बोलायला लागणार." आणि ओठ असा काढला… तुम्हाला सांगतो, नवीन इस्त्री बिघडून परत आली तरी मला इतकं वाईट वाटत नाही.

वहिनींना सांगावं लागलंच. त्या मटकन बसल्या. "अहो भाऊजी, मी तिच्या बाबांना फोनवर ऐकवते हो रोज तिचं वाचन!" मी म्हटलं, "वहिनी, बाबा बोटीवर आहेत, त्यांना कोल्हा ऐकून बरं वाटतं, ते चालू द्या. दुपारी तिला माझ्याकडे बसवा. मी बघतो." हे "मी बघतो" तोंडातून निघालं आणि मागून आमची ही म्हणाली, "तुम्ही? तुम्ही सातवीत दोनदा बसलात."

पण मला सांगा, शिकवायचं तर आधी बघायला नको का, त्या बाई नेमकं करतात काय? योगायोग असा, की भिंगरीच्या वर्गातला पंखा बिघडला. म्हणजे थोडा बिघडला होता. कुरकुरत होता. मीच शिपायाला म्हटलं की अशी कुरकुर म्हणजे पंखा डोक्यात पडायची पूर्वसूचना. झालं, दुसऱ्या दिवशी मी वर्गात, शिडीवर!

काम होतं पाच मिनिटांचं. मी दोन तास वर.

काय पाहिलं म्हणता! त्या बाई अक्षराचं नाव घेत नाहीत, कमळ नाही, मका नाही, नुसता आवाज. "ओठ मिटा. म्म्म… गळ्याला हात लावा. गुणगुणतंय का?" सगळी पोरं गळा धरून म्म्म… वर्गात मधमाश्यांचं पोळं! मग कागदाची पट्टी तोंडासमोर धरायला लावली. "प म्हणा. कागद हलला? नाही ना. आता फ म्हणा." आणि सगळे कागद फडफड! मी शिडीवर खिशातली पावती काढून तोंडासमोर धरली. प… गप्प. फ… उडाली! पावती खाली एका पोराच्या डोक्यावर. पन्नाशीला टेकलोय हो मी, जन्मभर हे दोन्ही आवाज तोंडातून काढतोय, आणि कुणी मला हे सांगितलं नाही!

मग जोडाजोडी. बाई फळ्यावर एक अक्षर लिहितात, त्याचा आवाज, मग दुसरं, त्याचा आवाज, आणि मग अक्षरांखाली बोट सरकवत दोन्ही आवाज एकमेकांत ओततात, न तोडता. एक पोर उठलं, त्याच्यापुढे तीन अक्षरं. "का…" बोट पुढे. "काऽऽग…" बोट पुढे. सगळा वर्ग शांत. पोराच्या कपाळावर घाम. अहो समोर दिसतंय, अगदी जिभेवर आलंय त्याच्या, मला राहवेना…

"कागद!" मी शिडीवरून ओरडलो.

वर्ग हसून लोळला. बाईंनी वर पाहिलं. तरुण आहेत, बारीकशा आहेत, पण नजर म्हणजे मीटर रीडिंग घेणाऱ्यासारखी. म्हणाल्या, "काका, तुम्ही पास. आता खाली या."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला लहान मुलाच्या खुर्चीत बसवलं, गुडघे हनुवटीला. मी भिंगरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी घ्या ना सराव, चांगलंच आहे. पण एकच नियम. मूल आवाज जोडत असताना मधे शब्द सांगायचा नाही."

"अगदी थोडासा?"

"अजिबात नाही."

"अडलं तर?"

"अडू द्या. तुम्ही शब्द सांगितला की ती तुमचं तोंड वाचायला शिकते. पान नाही."

आता हे कुणाला सांगतायत? मला! माझ्यासमोर कुणी "ते हे…" म्हणून आठवायला थांबलं की मी त्याला तीन नावं सुचवतो. आमच्या लग्नात भटजी अडखळले तेव्हा मी सुचवलं होतं.

आणखी एक अजब गोष्ट त्यांनी दिली, चिठ्ठ्या. सरावाला. त्यावर काही शब्द खरे, आणि काही, विश्वास बसणार नाही, खोटे! लानम. टिमाल. पुकोस. मी म्हटलं, "बाई, पुकोस म्हणजे काय?" म्हणाल्या, "काहीच नाही." "मग वाचायचं कशाला?" "कारण पाठ असू शकत नाही. चित्रावरून ओळखता येत नाही. आवाज जोडल्याशिवाय दुसरा रस्ताच नाही."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात पुकोस. म्हटलं, असेल काहीतरी, बाईंना माहीत नसेल. जिन्यात वकील भेटले, शिकलेला माणूस, विचारलं, "वकीलसाहेब, पुकोस म्हणजे काय हो?" त्यांनी चष्मा सारखा केला. "पुकोस ना… जुन्या कायद्यात येतो तो शब्द. आता वापरात नाही." मी हसलो हो! इतका हसलो की कठड्याला धरून बसलो, आणि मग अख्ख्या इमारतीला सांगितलं. वकिलानं ते लक्षात ठेवलं. पुढे येईल ते.

दुपारी भिंगरी माझ्या टेबलाशी बसली. पहिली चिठ्ठी. "मा…" मी, "हं." "मा…सो…" मी पुढे सरकलो. "माऽसो…" माझ्या ओठांची हालचाल व्हायला लागली, तिनं पटकन वर पाहिलं आणि म्हणाली, "मासोळी!" पान न बघता! माझं तोंड बघून! बाईंचं खरं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं. तर मान डोलावली. मान धरली तर पाय हलला. पोरगी हुशार, माझ्या पायावरून शब्द ओळखायला लागली!

शेवटी आमची ही स्वयंपाकघरातून आली, टेबलावरचे चार स्क्रू उचलले आणि म्हणाली, "हे धरा तोंडात. पंखा खोलताना धरता ना? जन्मात तेवढाच वेळ तुम्ही गप्प असता."

पटलं मला. स्क्रू ओठांत असले की बोलायचं नाही ही तीस वर्षांची सवय, बोललो तर स्क्रू पोटात. मग काय, रोज दुपारी मी तोंडात स्क्रू धरून, हातात मिक्सर घेऊन, आणि भिंगरी चिठ्ठ्या घेऊन. ती अडायची. मी "अं!" ती परत मागे जायची. "पु…को… पुको…" आणि मधे अशी शांतता, अशी शांतता, की मला माझ्याच पोटातली गुरगुर ऐकू यायची. कधी नव्हे ते मला कळलं हो, माणूस विचार करतो तेव्हा बाहेरून कसा दिसतो. डोळे कुठेतरी छताकडे, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, एक पाय हलतोय… आणि मग एकदम, जसं मीटर फिरावं तसं, "पुकोस!" आणि खुर्चीवरून उतरून गिरकी!

मला नादच लागला. एक दिवस आरशासमोर उभा राहून गळ्याला हात लावून मी म्म्म करत होतो, मग न्न्न, मग तोंडात बोट घालून ळ म्हणताना जीभ कुठे जाते ते बघत होतो. बघा करून, कशी उलटी वळते ती! मागून आमची ही. म्हणाली, "दात दुखतोय?" मी म्हटलं, "नाही, ळ बघतोय." तिनं तडक माहेरी फोन लावला.

आला शुक्रवार. पालक आले तर चालेल, दाराबाहेर उभं राहायचं, असा निरोप. वहिनींना रजा मिळेना. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जाल?" आणि डोळ्यांत पाणी. गेलो. आता वर्गाच्या दारात, समोर भिंगरी, आणि मी बोलणार नाही याची खात्री कोण देणार? म्हणून स्क्रू! दारातल्या बाकीच्या आया माझ्याकडे बघून पदर सावरत लांब सरकल्या. बघू देत.

भिंगरीची पाळी. बाईंनी एकेक चिठ्ठी पुढे केली. पहिली गेली. दुसरी गेली, "टि…मा…टिमाल." वा! तिसरी, नवीनच, घरी कधी न पाहिलेली. "झो…" थांबली. "झोप…" आणि झोपडी म्हणणार, मला दिसलं, ओळखीचा शब्द दिसला की पोरगी त्याच्यावर उडी मारणार, तिची जुनी खोड! पण पुढे डी नव्हतंच, दुसरंच काहीतरी होतं. ती अडली. बाई गप्प. वर्ग गप्प. खिडकीजवळच्या बाकावरची ती मैत्रीण, दोन्ही मुठी तोंडात. आणि भिंगरीनं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला सांगतो, चार स्क्रू नव्हते ते, चार मणांचे दगड होते. मला शब्द दिसत होता. झोपाळ लिहिलं होतं, झोपाळ! म्हणजे काही नाही, पण येत होतं मला! आणि पोरगी मदत मागत होती. मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी… मी डोळे मिटले. दुसरं काय करणार? तिला वाचायला माझ्या चेहऱ्यावर काही उरायलाच नको.

काळोख. त्या आतल्या खोलीसारखा. आणि काळोखात तिचा आवाज आला. "झो… पा… झोपा… ळ." मग जरा थांबून, "झोपाळ." आणि मग चिडून, "बाई, असं काही नसतंच!"

बाई हसल्या. "नसतंच. पण तू वाचलंस. जा तुझ्या बाकावर."

मी डोळे उघडले तर गिरकी घेत घेत ती बाकाशी पोचली होती. माझ्या तोंडातून एक स्क्रू टणकन खाली पडला, तो एका बाईंच्या चपलेत गेला, ते राहू द्या. वहिनींनी त्या रात्री बोटीवर फोन लावला आणि भिंतीतून मला ऐकू आलं, "बाबा, ऐका हं, पु…कोस!" पलीकडून बाबा विचारतायत, "म्हणजे काय गं?" मी भिंतीवर टकटक करून सांगणार होतो… पण आपल्याला काय करायचंय म्हणा!

इथे गोष्ट संपायला हवी होती की नाही? चांगली संपली असती. पण वाचायला लागलेलं मूल म्हणजे सुटलेला नळ. भिंगरी जे दिसेल ते वाचायला लागली. पाट्या, पिशव्या, औषधांच्या बाटल्या, वकिलाच्या दारावरची पाटी. आणि तिनं इमारतीतल्या प्रत्येकाला तो नियम शिकवला, मधे बोलायचं नाही! एकजात सगळे पाळतात. पोरीनं कशावर बोट ठेवलं की जिन्यात माणसं थबकतात, हातातल्या पिशव्या घेऊन तशीच उभी.

परवा संध्याकाळी मी बाजारातून आलो. जिन्यात भिंगरी बसलेली, तिची मैत्रीण शेजारी, वहिनी कामावरून नुकत्याच आलेल्या, वर आमची ही कठड्याशी, आणि खाली वकील. माझी पिशवी जराशी फाटलेली, त्यातून एक खोका डोकावत होता. भिंगरीनं खोक्यावर बोट ठेवलं.

"पां…"

मी म्हटलं, "अगं, तो…"

"श्श्!" अख्खा जिना! आणि वकील तर हात वर करून, कोर्टात उभे राहिल्यासारखे, "काका! मधे बोलायचं नाही! जोडू द्या तिला!"

"पांढ…रे. पांढरे! के…स. पांढरे केस…" बोट पुढे सरकतंय. आणि मी? मी पळू शकलो असतो, पिशवी ओढू शकलो असतो. पण पोरगी जोडत होती हो. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, एक पाय हलतोय. "ल…प…वा. लपवा!" मग खालची ओळ, "का…ळे…भो…र… काळेभोर… दिसा!" आणि सगळं एका दमात, अस्वलाच्या आवाजात, "पांढरे केस लपवा, काळेभोर दिसा!"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काका," म्हणाले, "घराण्याचे ना?"

भिंगरी माझ्याकडे बघतेय. "काका, बरोबर वाचलं?"

काय सांगणार? "बरोबर वाचलंस गं," मी म्हटलं. "एक अक्षर चुकलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि दुकानदाराला स्पष्ट सांगितलं, "बाबा रे, नाव काही असू दे, रंग काही असू दे, फक्त खोक्यावर भरपूर जोडाक्षरं असलेला दे. ती अजून तिला शिकवलेली नाहीत." त्यानं शोधून दिला बिचाऱ्यानं, एकही शब्द सरळ नाही त्यावर. निश्चिंत मनानं घरी आलो, टेबलाशी बसलो, इस्त्री उघडली… आणि भिंतीतून वहिनींचा आवाज.

"लवकर झोप गं भिंगरी. सोमवारपासून जोडाक्षरं सुरू."